मोबदल्याच्या पैशाची पंचवीस वर्षं

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता सह्याद्री उतरून, शहापूर तालुका ओलांडून भिवंडीच्या वेशीवर येऊन थांबला. वर्तमानपत्रांत बोगद्यांचे आणि उंच पुलांचे फोटो आले. त्या रस्त्याखाली गेलेल्या जमिनीचा पैसा मात्र गावात कितीतरी आधी येऊन गेला होता. २०१७ पासून थेट खरेदीचे दस्त होऊ लागले. वाटाघाटीने जमीन देणाऱ्याला मोबदल्यावर पंचवीस टक्के जादा मिळणार होते. ज्या घरात भाताचे थोडे पैसे, माळावरची भाजी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची मजुरी एवढीच आवक होती, त्या घराच्या खात्यात एका दुपारी लाखांची, क्वचित कोटीची रक्कम जमा झाली.

शेजारच्या मुरबाड तालुक्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे आधी एमआयडीसी आली, मग माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून फार्महाउसं आली, प्लॉटिंग आलं. जमीन तुकड्यातुकड्याने गेली आणि पैसाही तसाच तुकड्यातुकड्याने आला, म्हणून तो आला कधी आणि संपला कधी हे कित्येक घरांना नीटसं सांगता येत नाही. दोन्ही तालुक्यांत एक गोष्ट सारखी आहे. जमीन असताना तिचा रोज भाव कुणी विचारत नव्हतं. ती आजोबांकडून आली होती, नातवाकडे जायची होती, आणि मधल्या माणसाने ती सांभाळायची एवढंच काम होतं. जमिनीचे पैसे झाल्यावर हे सांभाळायचं काम कसं करायचं, ते कुणी शिकवलं नाही. तलाठ्याने नाही, बँकेने नाही, शाळेनेही नाही.

हे पुस्तक त्या एका कामाबद्दल आहे. पंधरा, वीस, पंचवीस वर्षांनी ज्या पैशाची गरज पडेल, तो आज कुठे ठेवावा? कमी खर्चाचे इंडेक्स फंड म्हणजे काय, ते कोणत्या खात्यातून घ्यावेत, त्यांच्यासोबत पोस्टाचं आणि पेन्शनचं खातं कसं चालवावं, आणि कुणी या वाटेला मुळीच जाऊ नये, हे सगळं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला त्यामागचा विचार मांडायचा आहे, कारण तो पटला नाही तर पुढचे फॉर्म आणि आकडे वाचून काही उपयोग नाही.

मोबदल्याच्या पैशाचं काय झालं, हे या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलंय. घर बांधलं गेलं, आणि ते योग्यच झालं. मुलीचं लग्न झालं. दारात गाडी आली. कुणी दुसरीकडे जमीन घेतली, त्यात सातबाऱ्यावर सहा हिस्सेदार निघाले आणि प्रकरण तहसीलच्या चकरांत अडकलं. जे उरलं त्यावर विकणाऱ्यांची नजर पडली. खात्यात मोठी रक्कम आली की फोन यायला वेळ लागत नाही. 'एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त' असं सांगून लोकांना विम्याची पॉलिसी दिली गेली. ती एफडी नव्हती. दर वर्षी दोन लाख भरायचे होते, आणि हे ज्याला कळलं त्याला ते दुसऱ्या वर्षीचा हप्ता मागणारा मेसेज आल्यावर कळलं. सही त्याचीच होती. कागद इंग्रजीत होता आणि टेबलापलीकडचा माणूस ओळखीचा होता.

ओळखीचा माणूस, हीच या सगळ्या व्यवहाराची मेख आहे. पर्ल्स म्हणजे पीएसीएल या कंपनीवर बाजार नियामक सेबीने २०१४ मध्ये कारवाई केली तेव्हा सुमारे ४९,१०० कोटी रुपये लोकांना परत करण्याचा आदेश झाला. हे पैसे गोळा करणारे एजंट गावोगावचे मामा, मेव्हणे आणि शेजारी होते. समृद्ध जीवनने शेळ्या-म्हशींच्या नावावर पैसा घेतला. डोंबिवली-ठाण्यातल्या गुडविन ज्वेलर्सची दुकानं २०१९ च्या दिवाळीत बंद झाली आणि महिना हजार-दोन हजार भरणाऱ्या बायका कुलपासमोर उभ्या राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस ही ज्वेलरी कंपनी बुडाली, तिचं एक दुकान कल्याणला होतं, आसनगावहून लोकलने तासाभराच्या आतच. दर आठवड्याला परतावा देण्याचं त्यांचं वचन होतं. आठवड्याच्या हिशेबाने पैसे देण्याइतका नफा कोणत्याही सचोटीच्या धंद्यात नसतो, एवढं एकच वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं तर कित्येकांचे दागिने वाचले असते.

बँकेतला पैसाही डोळे मिटून ठेवण्यासारखा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेव विम्याचं संरक्षण तेव्हा एका बँकेत एका माणसाला १ लाखापर्यंत होतं. ते फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं. पंचवीस लाख एकाच लहान बँकेत ठेवणाऱ्या माणसाच्या वीस लाखांना आजही कुणाची हमी नाही. पुस्तकात ५ लाखांचा हा नियम मी तीन ठिकाणी सांगितला आहे. तो वाचताना कंटाळा आला तरी चालेल.

मग काय करावं? इथे मला मुरबाडच्या सिद्धगडाची आठवण काढावीशी वाटते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले, हे आपण दर वर्षी ऐकतो. भूमिगत होण्याआधी माथेरान-कर्जत भागात कोतवालांनी शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याची बँक उभी करण्याची खटपट केली, हे मात्र भाषणांत फारसं येत नाही. वकिलीची सनद असलेला माणूस धान्याच्या बँकेच्या मागे लागला, कारण शेतकऱ्याच्या कष्टाचं पीक व्याजाच्या रूपाने कुठे जातं ते त्याला कळलं होतं. माझं म्हणणंही तेवढंच आहे. पैसा किती मिळाला याच्या आधी, तो मधल्या मध्ये कुठे जातो ते पाहायला हवं.

इंडेक्स फंड या विचारातूनच जन्मला. अमेरिकेत जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड ही संस्था काढून १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड बाजारात आणला. त्यांना १५ कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले सव्वा कोटीपेक्षाही कमी. शेअर बाजारातल्या जाणत्यांनी त्याला बोगलचा मूर्खपणा म्हटलं. बोगल यांचं गणित अगदी साधं होतं. बाजारात पैसे लावणाऱ्या सगळ्यांना मिळून बाजाराइतकाच परतावा मिळणार. त्यातून सल्लागारांची फी, दलाली, जाहिराती, कमिशन वजा केलं की सगळ्यांना मिळून त्याहून कमीच उरणार. कोण हुशार ठरेल हे आधी ओळखता येत नाही. खर्च किती होणार, हे मात्र आधीच कागदावर छापलेलं असतं.

आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी हा निर्देशांक, म्हणजे इंडेक्स, एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला. ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाला १,००० धरून तो मोजतात. पन्नास मोठ्या कंपन्या, ज्या कंपनीच्या बाजारात फिरणाऱ्या शेअर्सचं मूल्य जास्त तिचा वाटा जास्त, आणि वर्षातून दोनदा यादीची तपासणी, इतका तो सरळ आहे. जी कंपनी मागे पडते ती यादीतून जाते, नवी येते. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला तेव्हा तिला निफ्टीतून काढलं. मार्च २०२० मध्ये येस बँक गेली. फंडवाल्याने या यादीप्रमाणे शेअर घ्यायचे आणि ठेवायचे. त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, म्हणून त्याची फी कमी. भारतात असे फंड १९९८ पासून आहेत. निफ्टीवर चालणारा निफ्टी बीज हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड, २००१ च्या अखेरीस आला.

'शेअर बाजार म्हणजे जुगार, तो आपल्यासाठी नाही' असं म्हणणारे लोक मला शहापूरला भेटतात, आणि १९९२ चा हर्षद मेहताचा घोटाळा आठवून ते तसं म्हणत असतील तर त्यांचं चुकत नाही. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पैसा निर्देशांकात आधीच आहे. आसनगाव, वासिंद किंवा मुरबाडच्या कारखान्यात ज्याचा पीएफ कापला जातो, त्याच्या नव्या रकमेचा एक हिस्सा भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये टाकते. सुरुवातीला तो ५ टक्के होता, पुढे १५ टक्क्यांपर्यंत नेला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाचा एनपीएस या नव्या पेन्शन योजनेतला काही वाटाही शेअर बाजारातच असतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात या तालुक्यांतले शिक्षकही होते. त्या मागणीशी माझं भांडण नाही. जोवर एनपीएस चालू आहे तोवर आपल्या खात्यातला पैसा कुठे लागला आहे, ते पाहण्याचा हक्क आणि सोय दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि ती फार थोडे जण वापरतात.

आता खर्चाबद्दल, कारण पुस्तकाचा जीव तिथे आहे.

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की वरच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. जकात देणाऱ्या व्यापाऱ्याला पुढे जुन्नरच्या बाजारात नफा होवो की तोटा, रांजणात पडलेलं नाणं परत मिळत नसे. म्युच्युअल फंडाचा खर्च अगदी असाच आहे, फक्त तो नाणं टाकल्यासारखा दिसत नाही. वर्षाला जो टक्का ठरला असेल, त्याचा तीनशे पासष्टावा भाग रोज फंडाच्या एकूण रकमेतून निघतो आणि मग त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, जाहीर होते. तुमच्या खात्यावर 'खर्च वजा' अशी ओळ कधीच येत नाही. पावती नाही, एसएमएस नाही. म्हणून वीस वर्षं खर्च भरणारा माणूस शपथेवर सांगतो की माझ्याकडून कुणी एक रुपया घेतला नाही.

हिशेब करून पाहू. मोबदल्यातले दहा लाख कुणी पंचवीस वर्षांसाठी ठेवले. बाजाराने खर्चाआधी वर्षाला सरासरी दहा टक्के दिले असं समजू. हे गृहीतक आहे, आश्वासन नव्हे. ज्या फंडाचा खर्च ०.२ टक्के, तिथे हातात येतात ९.८ टक्के आणि दहा लाखांचे होतात सुमारे १ कोटी ३ लाख. ज्या फंडाचा खर्च १.८ टक्के, तिथे येतात ८.२ टक्के आणि होतात सुमारे ७२ लाख. जवळजवळ ३२ लाखांचा फरक. मूळ रकमेच्या तिप्पट पैसा मधल्या मध्ये गेला, आणि बाजार दोघांचा सारखाच होता. दीड-पावणेदोन टक्के ऐकायला चिल्लर वाटतं, कारण आपल्याला टक्का एका वर्षाचा मोजायची सवय आहे. हा टक्का नफ्यावर नसून पूर्ण रकमेवर आहे, आणि तो दर वर्षी आहे.

एकाच फंडाची दोन दारं असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी. पैसा त्याच शेअर्समध्ये लागतो, फंड मॅनेजर तोच. तुमच्याकडे आत्ता कुठला आहे हे पाहायचं तर ईमेलवर येणारं एकत्रित खातेपत्रक उघडा. प्रत्येक फंडाच्या नावाखाली किंवा शेजारी सल्लागाराचा रकाना असतो. तिथे एआरएन आणि पुढे काही आकडे दिसले तर मध्ये वितरक आहे आणि दर वर्षी त्याला तुमच्या रकमेतून कमिशन जातं. तिथे 'डायरेक्ट' असेल तर मध्ये कुणी नाही. माझ्या मते हा रकाना वाचता येणं हे या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य आहे.

मी वितरकांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा घाबरून पैसे काढू पाहणाऱ्या माणसाला ज्याने 'थांबा' म्हटलं, त्या वितरकाने आपलं कमिशन कमावलं. पण असा माणूस असेल तर त्याला फी किती जाते ते तुम्हाला रुपयांत माहीत असायला हवं. ज्याने फंड विकून पुन्हा तोंड दाखवलं नाही, त्याला पंचवीस वर्षं का पोसायचं?

फंड हुशारीने निवडला तर इंडेक्सपेक्षा जास्त मिळणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. काहींना मिळतं. पण मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या भारतीय फंडांचा दहा वर्षांचा हिशेब घेतला की निम्म्याहून अधिक फंड निर्देशांकाच्या मागे राहिलेले दिसतात. मधल्या आणि लहान कंपन्यांत हुशार मॅनेजरला अजून वाव आहे, हे मी मान्य करतो. तरी गेल्या पाच वर्षांत पहिला आलेला फंड पुढच्या पाच वर्षांतही पहिला येईल, याची खात्री देणारी पद्धत माझ्या पाहण्यात नाही. शेतीवर पोट असलेल्या घराने एवढा शोध घेत बसावं, असं मला वाटत नाही.

या मार्गात जोखीम आहे, आणि ती मी लपवणार नाही. निफ्टी १,००० वरून सप्टेंबर २०२४ मध्ये २६,००० च्या वर गेला. एकोणतीस वर्षांत वर्षाला सुमारे बारा टक्के. जाहिरातीत हा आकडा दिसतो. जाहिरातीत दुसरा आकडा दिसत नाही. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या जवळ होता, त्याच ऑक्टोबरात तो २,५०० च्या आसपास आला, आणि डिसेंबर २०१३ संपताना पुन्हा ६,३०० वर होता. म्हणजे शिखरावर एकरकमी पैसे टाकणाऱ्याने जवळजवळ सहा वर्षं वाट पाहिली आणि लाभांश सोडला तर हातात काही आलं नाही. जपानमध्ये तर निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ चं शिखर फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडलं. चौतीस वर्षं गेली. म्हणून सगळा पैसा इंडेक्समध्ये टाका असं हे पुस्तक कुठेही म्हणत नाही.

आधी कर्ज फेडायचं. सावकाराचं, सोनं गहाण ठेवलेलं, मायक्रोफायनान्सच्या गटाचं. त्यावरचं व्याज कोणताही फंड भरून काढत नाही. मग घरातलं कुणी रुग्णालयात दाखल झालं किंवा अवकाळी पावसात भात भिजलं तर सहा महिने चालेल इतका पैसा बँकेत किंवा पोस्टात. कमावत्या माणसाचा साधा मुदत विमा, ज्यात पैसे परत मिळण्याचं आमिष नसतं आणि म्हणून हप्ता कमी असतो. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, मग तो मुलाच्या शिक्षणाचा असो की लग्नाचा, निर्देशांकात जायलाच नको. हे सगळं झाल्यावर जे उरेल आणि ज्याला पंधरा वर्षं हात लावायचा नाही, तेवढंच या पुस्तकाचं क्षेत्र आहे. काही घरांत ते शून्य असेल. रानात रोजंदारीवर जाणाऱ्या आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाला मी निफ्टीबद्दल सांगायला जाणार नाही. त्यांना भट्टीमालकाच्या उचलीतून सुटका हवी आहे, आणि तो वेगळ्या पुस्तकाचा, वेगळ्या लढ्याचा विषय आहे.

पण मग पैसा सुरक्षित एफडीतच का ठेवू नये, असं विचारणाऱ्यांसाठी महागाईचा एक हिशेब. दर वर्षी सहा टक्के महागाई धरली तर आज शंभर रुपयांना येणारं सामान पंचवीस वर्षांनी सुमारे ४२९ रुपयांना येईल. एफडीचं सहा-सात टक्के व्याज, त्यावर कर लागत असेल तर तो वजा, म्हणजे पैसा जेमतेम जागेवर राहतो. काही पैसा जागेवर राहणं गरजेचंच आहे. सगळाच तसा राहिला तर नातवाच्या हाती आजोबांच्या जमिनीतलं फार थोडं पोचेल.

खात्यांबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, आणि म्हणून मी त्यावर जास्त पानं खर्च केली आहेत. फंड कोणता हे ठरवायला एक संध्याकाळ पुरते. खातं चुकीचं उघडलं तर वर्षानुवर्षं त्रास होतो. पोस्टातलं किंवा बँकेतलं पीपीएफ १९६८ पासून आहे. वर्षाला ५०० ते दीड लाख रुपये, पंधरा वर्षांची मुदत, एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के, आणि ते करमुक्त. ज्याला बाजाराची भीती वाटते त्याने अर्धा पैसा इथे ठेवला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं व्याज याहून जास्त आहे. एनपीएस २००९ पासून सर्वांसाठी खुलं आहे, त्यात पैसा सांभाळण्याचा खर्च फंडांपेक्षाही कमी, पण तो बरीच वर्षं अडकतो आणि पुढेही त्यातल्या काही भागाची सहसा पेन्शनच घ्यावी लागते. शिक्षकाला ते चालेल. पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्याला कदाचित चालणार नाही.

इंडेक्स फंडासाठी डीमॅट खातं लागत नाही, ही गोष्ट कित्येक जणांना ठाऊकच नसते. फंड कंपनीकडे थेट फोलिओ उघडता येतो, पॅन, बँक खातं आणि केवायसी एवढ्यावर. डीमॅट लागतं ते ईटीएफसाठी. ईटीएफचा खर्च आणखी कमी असतो, पण तो बाजारातून घ्यावा लागतो, दलाली पडते आणि लहान ईटीएफमध्ये घेणारा-विकणारा कमी असला की भाव तुटतो. महिन्याला हजार-दोन हजार टाकणाऱ्याने साधा इंडेक्स फंड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. महिना हजार रुपये पंचवीस वर्षं, वर्षाला दहा टक्क्यांच्या त्याच गृहीतकावर, बारा-तेरा लाखांच्या आसपास होतात. भरलेले असतात तीन लाख. बचत गटात महिन्याला पैसे टाकणाऱ्या बायकांना शिस्त शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडे पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्यांना फक्त स्वतःच्या नावाचं खातं हवं.

एकरकमी मोबदल्याचा प्रश्न वेगळा. सगळा पैसा एकदम लावला तर बहुतेक वेळा परतावा जास्त मिळतो, असं हिशेब सांगतात, कारण बाजार उतरण्यापेक्षा चढण्याचे काळ जास्त असतात. तरीही ज्याने आयुष्यात पहिल्यांदा बाजार पाहिला आहे, त्याने तो वर्ष-दीड वर्षात थोडा थोडा लावावा असं मी सुचवतो. यात परताव्याचा काही अंश जाईल हे मला माहीत आहे. पण पहिल्याच महिन्यात दहा लाखांचे सात झालेले पाहून जो माणूस सगळं काढून घेतो, त्याचं नुकसान कितीतरी मोठं असतं. २० जानेवारी २०२० ला निफ्टी १२,४०० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर. दोन महिन्यांत अशी घसरण झाली होती आणि पुन्हा होईल. जो टिकून राहिला त्याने त्याच वर्षाच्या अखेरीआधी सगळं भरून निघालेलं पाहिलं. पुढच्या वेळी इतक्या लवकर भरून निघेल असं मात्र कुणी धरून चालू नये.

कराचंही थोडक्यात. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंड वर्षापेक्षा जास्त ठेवून विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. ग्रोथ पर्याय घेतला तर विकेपर्यंत कराचा प्रश्नच येत नाही. कराचे नियम बदलत राहतात, म्हणून ते प्रकरण मी मुद्दाम लहान ठेवलं आहे.

पुस्तकात कोणत्याही फंड कंपनीचं नाव शिफारस म्हणून आलेलं नाही. निफ्टीचे इंडेक्स फंड अनेक कंपन्या चालवतात आणि ते एकमेकांसारखेच असतात. त्यांत पाहायच्या त्या दोन गोष्टी, खर्चाचा टक्का आणि निर्देशांकापासून फंड किती मागे राहतो ते. दोन्ही आकडे कंपनीने जाहीर करायचे असतात. ते कुठे सापडतात, कसे वाचायचे, हे चौथ्या प्रकरणात पायरीपायरीने दिलं आहे.

सुरुवात मात्र पहिल्या प्रकरणापासूनच करावी, आणि ते केवायसीचं आहे. या दोन तालुक्यांत अर्ज अडतो तो पैशामुळे फार कमी वेळा. आधारवर एक नाव, पॅनवर वडिलांचं नाव मधून गळलेलं, बँकेत आडनाव वेगळ्या स्पेलिंगने, सातबाऱ्यावर तिसरंच. लग्नानंतर बाईचं नाव कुठे बदललेलं, कुठे जुनंच. हे जुळवायला आधार केंद्राच्या दोन-तीन फेऱ्या आणि कधी गॅझेटची नोंद लागते. त्याच वेळी प्रत्येक खात्यावर नॉमिनीचं नाव लिहून घ्यावं आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला फोलिओ नंबर कुठे लिहून ठेवला आहे ते दाखवून ठेवावं. भातकापणी संपली की मळणीच्या आधी थोडी उसंत असते, त्या आठवड्यात ही कामं होतात.